ऑइल प्रेशरचा काटा पडला: सेन्सर गेला की इंजिन? तपासणीपासून बदलीपर्यंत

सेस्ना १७२ उतरते, कॅडेट टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) ‘ऑइल प्रेशर लो’ एवढंच लिहून क्लासला पळतो, आणि हँगरमध्ये चहा संपायच्या आत कुणीतरी निकाल देऊन मोकळा होतो: "सेंडर गेला असेल, नवा टाका." बऱ्याचदा तो बरोबरही निघतो, आणि गोची तीच आहे. ज्या दिवशी तो चुकतो, त्या दिवशी आपण नवाकोरा सेन्सर लावून तेलाविना तडफडणारं इंजिन परत हवेत पाठवतो. म्हणून इथला सगळा क्रम एकाच गोष्टीभोवती बांधलाय. सेन्सर खोटं बोलतोय हे सिद्ध होईपर्यंत तो खरं बोलतोय असं धरायचं, आणि सिद्ध करायचं ते दुसऱ्या, स्वतंत्र साक्षीदाराकडून.

लेख १७२आर आणि १७२एस ही विमानं समोर ठेवून लिहिलाय. त्यांत लायकॉमिंगचं आयओ-३६०-एल२ए इंजिन असतं. महाराष्ट्रातल्या फ्लाइंग स्कूलच्या ॲप्रनवर माझ्या हाताखालून जास्त गेली ती हीच. रोटॅक्स ९१२ या इंजिनमध्ये जिथे फरक आहे तिथे तसं सांगतो. आकडे समजण्यापुरते घ्या. काम करताना समोर तुमच्या विमानाचं, चालू आवृत्तीचं मेंटेनन्स मॅन्युअलच उघडं हवं. भारतात हे काम परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) सहीनेच सुटतं, पिस्टन विमानासाठी बी१.२ परवानावाल्याच्या. पायलट किंवा मालक असाल तर हे पाना हातात घेण्यासाठी वाचू नका. स्नॅग (बिघाडाची नोंद) नीट लिहिता यावा आणि समोरचा माणूस नेमकं काय करतोय हे कळावं, यासाठी वाचा.

काट्याच्या मागे काय आहे

इंजिनच्या मागच्या बाजूला, ॲक्सेसरी केसमध्ये तेलाचा पंप असतो. तो संपमधलं (तळाच्या टाकीतलं) तेल जाळीतून ओढतो, कूलर आणि फिल्टरमधून फिरवून बेअरिंगांकडे ढकलतो. वाटेत एक रिलीफ व्हॉल्व्ह आहे: स्प्रिंगने दाबून धरलेली एक गोळी. दाब जास्त झाला की गोळी उचलली जाते आणि जादा तेल परत संपमध्ये पडतं. म्हणजे काट्यावर दिसणारा आकडा तीन गोष्टी मिळून ठरवतात: पंपाची ताकद, बेअरिंगांतल्या फटी आणि त्या गोळीची बैठक. यात सेन्सर कुठेच नाही. तो फक्त बातमी देतो.

बातमीदार मात्र दोन आहेत, आणि हेच या विमानांचं वरदान. १७२आर आणि एसमध्ये (घड्याळांच्या पॅनेलवाल्या) इंजिन केसच्या पुढच्या वरच्या भागातून एक तेलाची नळी निघते आणि मागच्या बॅफलपर्यंत (हवा वळवणाऱ्या पत्र्यापर्यंत) येते. तिथे ट्रान्सड्यूसर बसवलेला असतो, ज्याला हँगरमध्ये सगळे सेंडर म्हणतात. पॅनेलवरचा काटा चालतो तो याच्यावर. दुसरा बातमीदार म्हणजे ॲक्सेसरी केसच्या मागे बसलेला प्रेशर स्विच. दाब २० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) खाली असेपर्यंत हा स्विच ‘ऑइल प्रेस’चा लाल दिवा पेटता ठेवतो. २० च्या वर गेला की दिवा विझवतो आणि हॉब्स मीटरला (इंजिनचे तास मोजणाऱ्या मीटरला) अर्थ, म्हणजे विजेची ग्राउंड-जोडणी, देऊन चालू करतो. म्हणजे एक साक्षीदार इंजिनच्या पुढून तेल घेतो, दुसरा मागून, वायरिंगही वेगळं. दोघं एकाच वेळी एकच खोटं बोलतील अशी शक्यता फार कमी.

या इंजिनवर काट्याच्या खुणा अशा: २० ला खालची लाल रेघ, ५० ते ९० हिरवा पट्टा, ११५ ला वरची लाल रेघ. रोटॅक्स ९१२ चं गणित बारमध्ये असतं. ३५०० आरपीएमच्या वर २ ते ५ बार, त्याखाली किमान ०.८ बार, आणि थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ ७ बारपर्यंत चालतं.

पाना नंतर, आधी पायलट

‘ऑइल प्रेशर लो’ हा स्नॅग नाही, ती तक्रार आहे. कॅडेटला क्लासमधून बोलावून घ्या. त्याला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो लिहिणारच नाही. विचारायचं ते एवढंच: काटा झपकन पडला की हळूहळू उतरला? तेव्हा आरपीएम किती, तेलाचं तापमान किती? लाल दिवा लागला होता का? रेडिओवर बोलताना किंवा लँडिंग लाइट लावल्यावर काटा हलत होता का? आणि शेवटचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही: हॉब्स चालू होता का? त्याला आठवत नसेल तर हरकत नाही. निघतानाचं आणि परत आल्यावरचं हॉब्स रीडिंग लॉगमध्ये असतं, टॅकोचंही (आरपीएम मीटरवरच्या तासांचं) असतं. दोन्ही ताडून पाहा.

उत्तरांवरून निम्मं काम होतं. काटा एका क्षणात शून्यावर किंवा पार वरच्या टोकाला जाऊन चिकटला, तर ते बहुतेक वायरिंग. तेलाचा दाब असा दिव्याच्या बटणासारखा बंद-चालू होत नाही. अपवाद पंपाचा ड्राइव्ह तुटणं किंवा मोठी नळी फुटणं, आणि ती घटना घडली असती तर विमान तुमच्यासमोर उभं नसतं. काटा थरथरत असेल आणि ठराविक आरपीएमलाच थरथरत असेल, तर सैल कनेक्टर. रेडिओच्या बटणाबरोबर नाचत असेल तर अर्थ खराब. स्टार्टनंतर वर चढायला पूर्वीपेक्षा उशीर लावत असेल तर नळीत किंवा तिच्या बारीक छिद्रात गाळ. आणि महिनाभर थोडा थोडा उतरत आलेला, तेल तापलं की जास्त उतरणारा काटा हा सहसा इंजिनचा आवाज असतो. तो सेंडरवर ढकलायचा मोह आवरा.

आता दोन साक्षीदारांची जुळणी. काटा शून्यावर, पण दिवा विझलेला आणि हॉब्स चालू: दाब किमान २० च्या वर होता, संशय सेंडर किंवा त्याच्या वायरवर. काटा ६० वर, पण दिवा पेटलेला आणि हॉब्स थांबलेला: संशय स्विचवर. काटा ६० वर, दिवा पेटलेला, तरीही हॉब्स चालूच: दिव्याची वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. काटा खाली आणि दिवाही पेटलेला: विश्वास ठेवा, इंजिन फिरवूही नका, आधी तेल बघा.

या जुळणीची एक मर्यादा आहे. स्विचला २० पलीकडचं जग माहीत नाही. क्रूझमध्ये काटा ३० दाखवत असेल आणि दिवा विझलेला असेल, तर ‘दिवा नाही म्हणजे ठीक’ हे चूक आहे. २० ते ५० च्या मधल्या पट्ट्यात स्विच मुका असतो, आणि खरी भानगड याच पट्ट्यात होते.

तापमानाचा काटाही साक्षीदार समजला जातो. दाब पडला आणि तापमान चढू लागलं तर इंजिन जाणार हे पायलटला पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण तापमान चढलं नाही म्हणून दाब ठीक होता, असं उलटं म्हणू नका. तेलच संपलं असेल तर तापमानाच्या बल्बभोवती तेलाऐवजी हवा असते, आणि तो निवांत बसून राहतो.

माझी एक चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मे महिना, दुपारची वेळ, ॲप्रनवर पाय ठेवता येत नव्हता. १७२ आली, क्रूझमध्ये काटा हिरव्या पट्ट्याच्या जरा खाली, दिवा नाही, बाकी सगळं झकास. मी सेंडर बदलला, ग्राउंड रन दिला, काटा ६५ वर. सही केली. दोन दिवसांनी तोच स्नॅग, त्याच पायलटच्या अक्षरात, फक्त शेवटी एक उद्गारचिन्ह जास्त. मी इंडिकेटर मागवायच्या तयारीत होतो. आमचे चीफ म्हणाले, "आधी घड्याळ लाव." त्यांच्या भाषेत घड्याळ म्हणजे थेट तेलावर चालणारा यांत्रिक गेज. लावला. तेल नीट तापवून पाहिलं तर त्यावरही तोच आकडा. रिलीफ व्हॉल्व्ह उघडला तेव्हा गोळीच्या बैठकीवर कार्बनचा खसखशीएवढा कण बसला होता. माझा पहिला ग्राउंड रन थंड तेलावर झाला होता. तेल घट्ट असताना ती गळती दिसलीच नव्हती. नवा सेंडर लावण्याआधी जुना चांगला होता की नाही हे मी एकदाही तपासलं नव्हतं. तेव्हापासून दोन नियम: घड्याळ लावल्याशिवाय सेंडर निघणार नाही, आणि थंड तेलावर निकाल नाही.

जमिनीवरची तपासणी

मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) बंद, किल्ली काढून खिशात, मिक्स्चरचा दांडा मागे (इंधन बंद), चाकांना चोक. प्रोपेलर नेहमी जिवंत समजा. एका मॅग्नेटोची पी-लीड (त्याला बंद करणारी वायर) तुटलेली असली तर किल्ली खिशात असूनही तो फिरू शकतो.

डिपस्टिक पहिली. या इंजिनचा संप ८ क्वार्टांचा. ५ च्या खाली असेल तर तपास इथेच वळतो: तेल कुठे गेलं?

मग काऊलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडा आणि पुसायच्या आधी पाहा. तेलाची ओघळ कुठून सुरू होते ते सर्वांत वरच्या ओल्या बिंदूवरून कळतं. हवेच्या झोताने ती मागे आणि खाली पसरलेली असते. सेंडर बॅफलवर बसतो, म्हणजे पातळ पत्रा, सतत कंपन आणि सिलिंडरांवरून आलेली गरम हवा. तिथलं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, वायरचं इन्सुलेशन पत्र्याच्या कडेवर घासतं. कनेक्टर काढा आणि आत बोट घाला. तेल लागलं तर सेंडरचा पडदा फुटलाय, पुढची तपासणी जवळजवळ औपचारिक. एकदा तर कनेक्टर वरून कोरडा होता, पण वायर बोटांत दाबली तशी इन्सुलेशनच्या आतून तेलाचा थेंब बाहेर आला. तारेच्या धाग्यांमधून तेल वातीसारखं चढत गेलं होतं. अशी वायर पुसून चालत नाही, बदलावी लागते.

याच वेळी स्विचही पाहून घ्या. त्याचा पडदा फुटला तर फक्त दिवा जात नाही, इंजिनचं तेल त्या वाटेने बाहेर पडतं. अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान नियामकाने) २००० साली १७२आर, १७२एस आणि त्यांच्या भावंडांमधल्या स्विचसाठी एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) काढली होती. सुधारित स्विचही आतून फुटल्याचं आढळल्यावर नंतर ३००० तासांना तो बदलण्याची सक्ती आली. तुमच्या विमानाच्या एडी यादीत त्या स्विचचे तास कुणी मोजतंय का, हे एकदा बघाच. बऱ्याच ठिकाणी विमानाचे तास असतात, स्विचचे नसतात.

आता मास्टर (मुख्य वीज स्विच) चालू, इंजिन बंद. काटा शून्यावर हवा, दिवा पेटलेला हवा. इंजिन बंद असताना काटा १२ दाखवत असेल तर उड्डाणात ६० म्हणजे खरे किती, कोण जाणे. फुकटची, दहा सेकंदांची तपासणी आहे. पायलटनेही रोज सकाळी करावी.

घड्याळ लावणं

सेंडरकडे येणाऱ्या नळीत टी-जोड बसवून एका फांदीवर सेंडर आणि दुसरीवर यांत्रिक गेज लावला, तर दोन्ही आकडे एकाच क्षणी दिसतात. टी नसेल तर सेंडरच्या जागी गेज लावा, पण मग तुलना दोन वेगळ्या रनची होते. गेजवर कॅलिब्रेशनचं चालू तारखेचं स्टिकर हवं. नळी गरम तेल सोसणारी हवी आणि एक्झॉस्टपासून लांब बांधलेली. गेज विंडशील्डच्या बाहेरच्या बाजूला पक्का बांधायचा, म्हणजे सीटवर बसून वाचता येतो. केबिनमध्ये गरम तेलाची नळी आणू नका, आणि ‘मी बाहेर उभा राहून वाचतो’ म्हणणाऱ्या उत्साही मदतनिसाला लांब बसवा.

इंजिन सुरू केल्यावर ३० सेकंदांत दाब दिसला पाहिजे. नाही दिसला तर लगेच बंद. मग तेल कामाच्या तापमानाला येऊ द्या. १०००, १८०० आणि त्याच्या वर एक, अशा तीन ठिकाणी काटा आणि गेज यांचे आकडे कागदावर लिहा. लक्षात ठेवायचे नाहीत, लिहायचेच.

दोन्ही आकडे जुळले आणि दोन्ही कमी, तर सेन्सरला निर्दोष सोडा. पुढचा रस्ता रिलीफ व्हॉल्व्ह, संपची जाळी, फिल्टर कापून आतल्या घड्यांत धातू आहे का ते पाहणं, आणि मग बेअरिंग. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवून काटा हिरव्यात आणणं म्हणजे तापाच्या पेशंटचा थर्मामीटर पाण्यात बुडवणं. आधी कारण, मग ॲडजस्टमेंट. विदर्भात मे महिन्यात टॅक्सीवेवर दहा मिनिटं थांबल्यावर आयडलला काटा हिरव्याखाली पण २० च्या वर दिसतो, तो उन्हाळ्याचा भाग. त्याची तुलना त्याच विमानाच्या गेल्या मे महिन्याशी करा, डिसेंबरशी नाही.

गेज ठणठणीत आणि काटा चुकीचा, तर आता मल्टिमीटर.

सेंडर, वायर की इंडिकेटर

सेन्सरची जात आधी मॅन्युअलमधून ओळखा. हँगरमध्ये तीन भेटतात.

पहिला जुना, रेझिस्टन्सवाला. व्हीडीओचा १० बारवाला सेंडर शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम दाखवतो; रोटॅक्स ९१२ वर अनेक वर्षं हीच जात होती. वायर काढून सेंडरचं टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा. या जातीत वायर तुटली की काटा वर पळतो आणि बॉडीला लागली की शून्यावर पडतो. काही कंपन्यांच्या सेंडरमध्ये हे बरोब्बर उलटं असतं, म्हणून आधी जात. वायर आणि इंडिकेटर तपासायला सेंडरच्या जागी साधारण १०० ओहमचा रेझिस्टर जोडा: काटा मध्यावर स्थिर आला तर पुढचं सगळं ठीक, दोष सेंडरात. दहा रुपयांचा रेझिस्टर, आणि इंडिकेटर उगाच मागवण्याचा खर्च वाचतो.

दुसरा तीन वायरींचा, व्होल्टेजवाला. याला साधारण ५ व्होल्ट पुरवठा लागतो, सिग्नल शून्य दाबाला ०.५ आणि पूर्ण दाबाला ४.५ व्होल्ट. १५० पीएसआयचा सेन्सर असेल तर ६० पीएसआयला २.१ व्होल्ट यायला हवेत. मोजायचा क्रम: पुरवठा येतोय का, मग अर्थ वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यातला फरक (काही मिलिव्होल्टच असावा), मग सिग्नल. सिग्नल मर्यादेबाहेर गेला की काचेच्या कॉकपिटवर (स्क्रीनवाल्या पॅनेलवर) आकड्याच्या जागी लाल फुली येते. त्या फुलीचा अर्थ ‘दाब नाही’ असा नसून ‘मला कळत नाही’ असा आहे.

तिसरा दोन वायरींचा, ४ ते २० मिलिॲम्पिअरवाला. नव्या रोटॅक्सवर हा असतो: ० बारला ४, १० बारला २०. म्हणजे ३ बारला ८.८ मिलिॲम्पिअर. मीटर सिरीजमध्ये लावायचा, समांतर नाही. घाईत फ्यूज उडवलेले मीटर प्रत्येक हँगरच्या ड्रॉवरमध्ये सापडतात. प्रवाह शून्य असेल तर वायर तुटली किंवा सेन्सर मेला, कारण दाब नसतानाही ४ यायलाच हवेत.

तिन्ही जातींत मीटर लावलेला ठेवून वायर फायरवॉलपासून सेन्सरपर्यंत हाताने हलवत या. आकडा जिथे उडी मारतो, दोष तिथे. पावसाळ्यात कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर येतो. विमान चार महिने कमी उडतं, काऊलिंगमधला दमटपणा सुकत नाही. पिना साफ करून, मॅन्युअल सांगेल तसं क्रिम्प बदलून पुन्हा मोजा. सेन्सर न बदलता मिटलेले स्नॅग मी सर्वाधिक याच पायरीवर पाहिले आहेत.

नवा भाग घेताना

ॲप्रूव्ह्ड पार्ट्स कॅटलॉगमधला पार्ट नंबर, आणि सोबत फॉर्म १ किंवा एफएएचं ८१३०-३ (भाग प्रमाणित असल्याचा कागद). रेझिस्टन्सवाला सेंडर ट्रकच्या सेंडरसारखा हुबेहूब दिसतो आणि बाजारात काहीशे रुपयांत मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आकडाही बरोबर दाखवेल कदाचित. पण तो पडदा किती तास, कुठल्या कंपनात आणि कुठल्या तेलात टिकेल हे त्या दुकानदाराने तपासलेलं नाही, आणि कागद नसलेला भाग लावून सही करणारा परवाना पणाला लावतो. भाग येईपर्यंत विमान उभं राहतं. ऑइल प्रेशर गेज हे उड्डाणासाठी आवश्यक उपकरण आहे, ‘एक सॉर्टी (उड्डाण) करून घेऊ’ असं चालत नाही.

आल्यावर जुन्याशेजारी धरून पाहा: दाबाची रेंज, पिनांचा क्रम, आटे. आट्यांची गंमत अशी की १/८ एनपीटी म्हणजे इंचाला २७ आटे आणि १/८ बीएसपी म्हणजे २८. पहिले दोन फेरे दोन्ही छान बसतात. तिसऱ्याला जोर लागला की थांबा. जोर लावणारा माणूस ॲल्युमिनियमच्या केसचे आटे घेऊन बाहेर येतो.

बदलणं

इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कामाआधी वायरचा मार्ग, क्लॅम्प आणि कनेक्टरचं तोंड कुठे होतं याचे दोन-तीन फोटो घ्या. जोडताना ‘हे असंच होतं ना?’ हा प्रश्न पडतोच. खाली ट्रे आणि चिंधी.

कनेक्टर सोडवा, वायर ओढून नाही, खटका दाबून. आता नेहमी दोन पाने: एकाने नळीचा किंवा फिटिंगचा षटकोन धरून ठेवायचा, दुसऱ्याने सेन्सरचा षटकोन फिरवायचा. सेन्सरच्या डब्याला, म्हणजे वरच्या गोल भागाला, पकड लावायची नाही. नवा सेन्सर बसवतानाही असंच. डबा पिळला की आतला पडदा पहिल्याच दिवशी दुखावतो आणि दोन महिन्यांनी आपण कंपनीला शिव्या घालतो.

सेन्सर निघाला की नळीचं तोंड लगेच टोपीने बंद. या नळीच्या इंजिनकडच्या फिटिंगमध्ये बारीक छिद्र असतं. नळी फुटली तरी तेल धारेने न जाता थेंबाथेंबाने जावं म्हणून. ते छिद्र गाळाने बुजलं असेल तर मऊ तारेने किंवा सॉल्व्हंटने मोकळं करा. ड्रिल फिरवून ‘जरा मोठं’ करू नका. आणि दुसऱ्या जागेचं साधं फिटिंग तिथे कधीच लावू नका. दिसायला तेच, पण ज्या दिवशी नळी जाईल त्या दिवशी संप रिकामा.

सीलंट मॅन्युअलमध्ये लिहिलेला, पातळ थर, आणि टोकाचा पहिला आटा कोरडा. प्लंबरची पांढरी टेप इथे नको, दोन कारणांनी. तिचा सुटलेला तुकडा त्या बारीक छिद्रात जाऊन बसतो. आणि एका टर्मिनलच्या सेंडरला अर्थ मिळतो तो आट्यांमधूनच. टेपने तो तुटला की नवा सेंडर जुन्यापेक्षा वाईट वागतो. अशा टेपने बांधलेल्या सेंडरवर मी अर्धा दिवस घालवला आहे.

आधी हाताने, मग मॅन्युअलच्या टॉर्कने. हे आटे निमुळते असतात, घट्ट केल्याने नाही तर बरोबर बसल्याने सील होतात. कनेक्टरचं तोंड खाली, वायरला थोडी ढील आणि कनेक्टरच्या आधी खाली झुकणारा फेरा, म्हणजे पाणी किंवा तेल ओघळून फेऱ्यावरून गळतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. रबरी गादीचा क्लॅम्प वापरा. काऊलिंगच्या आत प्लास्टिकची झिप-टाय उष्णतेने ठिसूळ होते आणि पत्र्याच्या कडेला तर ती वायर कापतेच.

पुन्हा तपासणी

बॅटरी जोडा. मास्टर चालू: काटा शून्य, दिवा पेटलेला. प्रोग्राम होणारा इंजिन मॉनिटर असेल तर सेटिंगमध्ये सेन्सरची जात बरोबर निवडलेली आहे का पाहा. चुकीची जात निवडली तर तो आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतो.

काऊलिंग उघडी असताना मॅन्युअल परवानगी देईल तेवढाच छोटा रन, थांबवा, जोडावर पांढरं कापड फिरवा. कोरडं असेल तर काऊलिंग लावून पूर्ण रन, तेल नीट तापेपर्यंत. आधी कागदावर लिहिलेले तीन आकडे बाहेर काढा आणि त्याच आरपीएमला नवे आकडे शेजारी लिहा. २० च्या वर जाताना दिवा विझला, हॉब्स सुरू झाला आणि बंद करताना दिवा परत लागला, हेही पाहा.

मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनमध्ये शिरणाऱ्या हवेचा दाब, मोजणारा सेन्सर (१८२ सारख्या विमानांत) तपासायला इतका खटाटोप लागत नाही. इंजिन बंद असताना त्यावर बाहेरच्या हवेचाच दाब दिसायला हवा. दर हजार फुटांना साधारण एक इंच (पाऱ्याचा) कमी होतो. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, म्हणजे २९ इंचाच्या आसपास. २६ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची रबरी नळी. फ्युएल प्रेशरचा सेन्सर मात्र बदलायच्या पद्धतीत वेगळाच समजा. तिथे गळती म्हणजे गरम एक्झॉस्टशेजारी पेट्रोल, त्यामुळे विमान हँगरच्या बाहेर, अग्निशामक जवळ, आणि सीलंट इंधनाला चालणारा.

इंजिन लॉगबुकमध्ये नोंद: स्नॅग काय होता, कशाने सिद्ध केला (गेजचे आकडे लिहा), काढलेला आणि लावलेला पार्ट नंबर, सिरीयल नंबर, मॅन्युअलचा संदर्भ, रनचे निकाल, सीआरएस (विमान सेवेत सोडल्याचं प्रमाणपत्र). ‘सेन्सर रिप्लेस्ड, फाउंड सॅटिस्फॅक्टरी’ एवढ्यावर सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. तो माणूस बहुधा तुम्हीच असता.

पहिल्या सॉर्टीनंतर विमान परत आलं की काऊलिंग पुन्हा उघडून जोड पाहा. जमिनीवर कोरडा राहिलेला जोड हवेतल्या कंपनात पाझरू शकतो. जुन्या सेन्सरला लाल टॅग लावून स्टोअरमध्ये द्या, आणि तो भंगारात जाणार असेल तर आधी त्याचे आटे हॅकसॉने कापा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात कुणी तो शेल्फवरून उचलणार नाही.